केबलची नाली आणि पाइपावरचा आकडा

आमच्या वस्तीतल्या एका वहिनींचा धाकटा दीर दहावीला अडकल्यापासून हाताला मिळेल ते काम करतो. गेल्या उन्हाळ्यात तो, त्याचा एक मित्र आणि वस्तीतली चार जोडपी अशी दहा माणसे भामरागड तालुक्यात, हेमलकशाच्या अलीकडे, फायबर केबलची नाली खोदायला गेली. महिन्याभराने वहिनी माझ्या दारात उभ्या. हातात वहीचे फाटके पान.

"भाऊजी, हे पोरानं पाठवलं. तुमी हापिसात हिशेब करता, तुमाले समजते. मुकादम म्हणते, पंधरवड्याचे एकशे अठरा मीटर भरले. पोरगा म्हणते, जास्त आहेत. अन् त्यातूनही खोली कमी म्हणून पैसे कापले. आता काय करावं जी?"

पानावर पोराने रोजच्या कामाच्या रेघा ओढल्या होत्या. एका मीटरला एक रेघ. काही ठिकाणी घामाने शाई पसरलेली. या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. कागदावरचा हिशेब जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मला पटत नाही. शनिवारी रजा टाकली आणि एस.टी.त बसलो.

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. तिथून पुढे पेरमिली, ताडगाव आणि मग हेमलकसा, असा साठ-पासष्ट किलोमीटरचा जंगलातला रस्ता. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा मुलूख आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यामुळे हे नाव पुढे जगभर गेले. पण रस्त्याचे, विजेचे आणि निरोपाचे हाल कित्येक वर्षे संपले नाहीत. पुढे पर्लकोटा नदी, आणि नदीपलीकडे भामरागड. पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण किती पावसाळे वाचत आलो!

अशा जागी केबल कशाला, असे काहींना वाटेल. मोबाइल तर हवेतून चालतो ना? मलाही तसेच वाटायचे. हवेतून चालते ते आपल्या हातातल्या फोनपासून टॉवरपर्यंत. टॉवरपासून पुढची वाट वेगळी असते. जंगलातल्या बीएसएनएलच्या कितीतरी टॉवरांना सुरुवातीला उपग्रहाच्या छत्रीवर भागवावे लागले. त्या वाटेने दोन शब्द बोलता येतात, पण पन्नास पोरे एकाच दिवशी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसली की चाक फिरत राहते. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, दवाखान्यातून मोठ्या डॉक्टरला पाठवायचा फोटो, या सगळ्यांना रुंद वाट लागते. ती वाट म्हणजे जमिनीखालची काचेची केबल. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत अशी केबल नेण्याची योजना केंद्र सरकारने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर केली. पुढे २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. ४ ऑगस्ट २०२३ रोजी तिच्या सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. एवढे आकडे वाचले की माझ्यासारख्या कारकुनाला पहिला प्रश्न पडतो तो शेवटच्या माणसाचा. यातले सब्बल धरणाऱ्याच्या हातात किती पडतात, आणि ते कसे मोजून पडतात?

मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. रस्त्याच्या कडेने सरळ रेघेत नाली गेलेली. एकीकडे मातीचा ढीग, दुसरीकडे सागाचा पाला. बायका घमेली घेऊन भरणा करीत होत्या. पोराने मला पाहिले, सब्बल टाकून आला, "जयभीम काका" म्हणाला आणि पहिल्यांदा पाणी दिले. त्याचे तळहात पाहून मी हिशेबाचे लगेच काढले नाही.

नालीचे माप आधी समजून घेऊ, कारण सगळे भांडण त्यातलेच आहे. साध्या मातीत सरकारी केबलच्या नालीची ठरलेली खोली १६५ सेंटिमीटर. म्हणजे साडेपाच फुटांना जरासे कमी. आपल्यातला मध्यम उंचीचा माणूस तिच्यात उभा राहिला तर डोके जमिनीच्या रेघेला लागते. रुंदी वर ४५ सेंटिमीटर आणि तळाला ३० धरा. गुणाकार केला तर एका मीटर लांबीला सुमारे ०.६२ घनमीटर माती निघते. वजनात ती अकरा क्विंटलच्या घरात जाते. जोडीने दिवसाला सहा मीटर काढले तर ६६ क्विंटल माती वर फेकली, आणि पाइप टाकल्यावर तीच माती पुन्हा आत ढकलून थराथराने कुटायची. पोराला मी हा आकडा सांगितला तेव्हा तो हसला. म्हणाला, "काका, म्हणूनच रात्री हात वर होत नाही."

आता पाऊण-एक मीटर खोदून का भागत नाही? कारण रस्त्याची कड ही कुणा एकाची नसते. आज तिथून केबल गेली, उद्या नळयोजनेची पाइपलाइन जाईल, परवा रस्ता रुंद करायला जेसीबी येईल. जेसीबीचा पंजा मीटरभर खोल सहज जातो. केबल वरवर पुरलेली असेल तर एका फटक्यात तुटते आणि पुढची सगळी गावे अंधारात. अशी तोडफोड टाळावी म्हणून खोदकाम करणाऱ्याने आधी कळवावे, यासाठी २२ मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइलवरचे अॅपही सरकारने काढले आहे. जंगलातल्या जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये ते असेलच असे मी म्हणणार नाही. तेव्हा केबलचे खरे राखण म्हणजे खोली.

पण खोली कोण ठरवतो? पोरांनी सांगितलेली हकिकत अशी. सुरुवातीचे दोन दिवस पूर्ण खोदले. मग मुकादम म्हणाला, "पाऊस यायच्या आत काम सरकवायचं आहे, चार फूट बस झाले." साहेब टेप लावून फोटो काढणार त्या जागा मात्र पूर्ण खोदून घेतल्या. पोरे खूश. कमी खोदायचे, मीटर जास्त निघायचे. पंधरवड्याच्या हिशेबाला बसल्यावर तोच मुकादम म्हणाला, "खोली कमी आहे, दर कापावा लागते." खोली कमी भरल्यास दर कापण्याची पद्धत अशा कामांच्या करारात असते, हे खरे आहे. पण कमी खोदा म्हणून सांगणाराही तोच आणि कापणाराही तोच! वरच्या कागदावर तिथे किती सेंटिमीटर लिहिले गेले, हे तर मजुराला कधी दिसणारच नाही.

मला पोरांचेही थोडे सांगायचे आहे. "चालते जी" म्हणून चार फुटांवर थांबणारी पोरे आपलीच. पाऊस पडून माती बसली की पाइप आणखी उघडा पडतो. मग टॉवर बंद पडला, रेशनच्या यंत्राने अंगठा घेतला नाही, की गावातली म्हातारी चार किलोमीटर परत चालत जाते. मी हे बोललो तेव्हा एक वहिनी घमेले खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, खोल खोदलं तरी तोच भाव, उथळ खोदलं तरी तोच. मग माणूस काय करन?" मला उत्तर देता आले नाही. दर लांबीवर आणि कापाकापी खोलीवर, असा हिशेब असेल तर उथळ खोदायला मजूर शिकणारच.

खोलीचा दुसरा हिशेब जिवाचा आहे. मी जायच्या आठ दिवस आधी एका मोडणीवर नालीची भिंत बसली. आत असलेल्या भावाच्या कमरेपर्यंत माती आली. दोघांनी हाताने उकरून त्याला काढले. पाय सुजला, चार दिवस पडून राहिला, त्या चार दिवसांचे मीटर शून्य. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची जी सुरक्षा संहिता आहे, तिच्यात साफ लिहिले आहे की दीड मीटर किंवा त्याहून खोल नालीच्या बाजू एकतर उतरत्या कापाव्यात, नाहीतर लाकडाच्या आधाराने धरून ठेवाव्यात. १.२ मीटर किंवा त्याहून खोल नालीत दर तीस मीटरला एक शिडी हवी. काढलेली माती काठापासून दीड मीटर लांब टाकावी. आता आपल्या नालीचे माप आठवा, १६५ सेंटिमीटर. म्हणजे ठरल्याप्रमाणे खोदली तर ती दीड मीटरच्या पुढेच जाते. मी रस्ताभर पाहत गेलो. शिडी एकही नाही. मातीचा ढीग अगदी काठावर, कारण लांब फेकायला आणखी एक हात लागतो आणि त्या हाताचे पैसे कुणी धरलेले नाहीत. पोरांना मी एवढेच सांगितले की पाऊस पडून गेल्यावर ओल्या नालीत एकट्याने उतरू नका, आणि काठाला भेग दिसली की आधी वर या.

संध्याकाळी मीटरचा हिशेब धरला. मुकादमाला विचारले, "मोजमाप कशाने केले?" म्हणाला, "पावलाने. एक पाऊल एक मीटर." माणूस सहा फुटी, ढांगा टाकत चालणारा. मी स्वतः रेघांच्या पानावर विसंबलो असतो तर तिथेच हरलो असतो, कारण मजुराच्या रेघांना कोण विचारतो? पण नालीत उतरून पाइपाकडे बघत होतो, तर त्याच्या अंगावर बारीक आकडे दिसले. ही काळी-रंगीत पाइप एचडीपीई जातीची असते. बाहेरून ४० मिलिमीटर, आतून ३३. आतला अंग गुळगुळीत, बुळबुळीत केलेला. आणि कारखान्यातूनच तिच्यावर दर मीटरला चढता आकडा छापून येतो. साहेब लोक त्यावरूनच माप धरतात. मजूर महिनाभर ती पाइप खांद्यावरून वाहतो, पण हा आकडा आपल्याही कामाचा आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

पोराच्या आणि त्याच्या मित्राच्या वाट्याचा तुकडा एका मोरीपाशी सुरू झाला होता. तिथे पाइप उघडी होती, आकडा ४१२. दुसरे टोक न बुजवलेल्या खड्ड्यात, आकडा ५५५. मध्ये कुठे जोड नव्हता. वजाबाकी केली, १४३ मीटर. पोराच्या पानावरच्या रेघा मोजल्या तर १४१ भरल्या, म्हणजे त्याने स्वतःच दोन कमी लिहिल्या होत्या! पावलाने ११८. फरक २५ मीटरचा. मीटरला शंभर रुपये असा दर समजून चला, तर एका पंधरवड्यात एका जोडीचे अडीच हजार रुपये पावलाखाली गेले. अशा पाच जोड्या.

मुकादमाला मी रागाने बोललो नाही. तोही उचल घेतलेलाच माणूस, वरचा ठेकेदार त्याला पिळतो. पाइपाचे दोन्ही आकडे दाखवले, फोटो काढले, आणि म्हटले की मजुरी थकली तर ज्याचे काम आहे त्या मूळ मालकापर्यंत कायद्याने जबाबदारी जाते, तेव्हा हे फोटो तिकडेही दाखवता येतील. तो बराच वेळ पाइपाकडे बघत राहिला. सोमवारी २५ मीटर हिशेबात चढले. बाकीच्या जोड्यांनीही आपापले आकडे शोधले. खोलीचे कापलेले पैसे मात्र आले नाहीत. त्याला कागद नव्हता. "चार फूट बस" हे तोंडी बोलणे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट पाहायला मिळाली, तिच्याविषयी मला जरा जास्त लिहायचे आहे. टेम्पोच्या मागच्या भागात एक पोरगा केबलचे सांधे जोडत बसला होता. आयटीआय झालेला, नागपूरकडचा. आमची पोरे महिनाभर नाली खोदत होती, पण आत जाते काय, हे त्यांनी पाहिले नव्हते. पाइप टाकून झाली की कॉम्प्रेसर लावून हवेच्या जोरावर केबल आत सरकवतात. एका दमात किलोमीटरभर आणि त्याहूनही पुढे केबल धावते. मात्र पाइपचे तोंड उघडे राहिले, आत चिखल गेला, की ती तिथेच अडते आणि पुन्हा खोदावे लागते. म्हणून रात्री काम थांबवताना पाइपला बूच मारणे हे खोदणाऱ्याचे काम फार मोलाचे.

त्या पोराने केबलची काळी साल सोलली. आत पिवळ्या धाग्यांचा झुपका, ओढ सोसण्यासाठी. मग बारीक नळ्या, आणि नळीत चिकट जेलीत बसलेले रंगीत केस. केसच म्हणायचे. रंगाचा थर काढला की आतली काच १२५ मायक्रॉन जाडीची. आठ काचा शेजारी ठेवल्या तर एक मिलिमीटर. त्यातही प्रकाश चालतो तो मधल्या नऊ मायक्रॉनच्या वाटेने. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटरची वाट एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात. हेमलकशातल्या मुलीचा फॉर्म मुंबईच्या यंत्रावर पोचायला वेळ लागतो तो या काचेमुळे नव्हे, एवढे नक्की.

या विद्येत आपल्या माणसांचा वाटा आहे, हे मी पोरांना सांगितले. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंह कपानी यांनी इंग्लंडात काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवले, त्यावरचा त्यांचा निबंध १९५४ साली छापून आला. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये सांगितले की काच पुरेशी शुद्ध केली तर निरोप फार लांब जाईल. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. आणि भारतातली पहिली फायबर यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यात. आज अशी काच ओढण्याचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज आणि शेंद्रा भागात आहेत. वाळूजची काच, हेमलकशाची माती आणि चंद्रपूरचा घाम, असे म्हणायला हरकत नाही.

सांधा जोडताना तो पोरगा काचेचे टोक स्पिरिटने पुसतो, एका छोट्या यंत्राने अगदी काटकोनात कापतो, मग दोन टोके जोडणीच्या यंत्रात समोरासमोर ठेवतो. पडद्यावर ती दोन टोके खांबाएवढी मोठी दिसतात. ठिणगी पडते, काच वितळून एक होते. वरून बारीक नळी चढवून तापवली की सांधा झाला. मग पुढचा रंग. रंगांचा क्रम ठरलेला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. क्रम चुकला तर एका गावाचे नेट दुसऱ्याच तोंडाला लागायचे. केबल कुठे तुटली तर ओटीडीआर नावाचे यंत्र टोकाला लावतात. ते आत प्रकाश सोडते आणि परत आलेल्या उजेडावरून सांगते की इथून इतक्या मीटरवर खोट आहे. मग तिथेच खोदायचे. अर्थात नकाशात मीटर खरे लिहिले असतील तर!

या पोराचा रोज आमच्या पूर्ण जोडीच्या मजुरीहून जास्त होता. त्याचे मला वाईट वाटले नाही, त्याने शिकून घेतले आहे. वाईट वाटले ते याचे की एकाच नालीच्या काठावर महिनाभर राहूनही आमच्या पोराला त्या टेम्पोत कुणी बोलावले नाही. ऑप्टिकल फायबर स्प्लायसर आणि ऑप्टिकल फायबर टेक्निशियन असे दोन धंदे टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलच्या अधिकृत यादीत आहेत, त्यांचे छोटे अभ्यासक्रम आहेत. इंजिनिअर व्हावे लागत नाही. डोळा आणि हात स्थिर हवा. दिवसभर सब्बल मारून संध्याकाळी थरथरणाऱ्या हाताला ते जमेल का, असे पोरगा मला विचारू लागला. सांधेवाला म्हणाला, "जमते दादा. मी पण अगोदर पाइपच ओढत होतो."

घरातल्या आयाबहिणींसाठी त्याच्याकडून ऐकलेले सांगतो. कापलेल्या काचेचे तुकडे डोळ्याला दिसत नाहीत आणि कातडीत मोडले तर निघत नाहीत. म्हणून तो ते एका बाटलीत गोळा करतो आणि काम करताना काही खात नाही. रंगीत तारा छान दिसतात म्हणून पोरे उचलून आणतात, त्या घरात येऊ देऊ नका. चालू केबलच्या टोकाला डोळा लावू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला बाधतो. आणि भंगारवाल्यांच्या नादी लागून कुणी केबल कापत असेल तर त्याला सांगा की आत तांब्याचा कणही नसतो.

आता कायद्याचे. या कामावरच्या बहुतेकांना वाटते की बांधकाम कामगार म्हणजे गवंडी आणि त्याच्या हाताखालचे. तसे नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येतच टेलिफोन आणि तारेची कामे नावानिशी होती. म्हणजे केबलची नाली खोदणारा, माती भरणारी, पाइप ओढणारा, सगळे बांधकाम कामगार. बांधकामाच्या खर्चावर जो एक टक्का उपकर कापला जातो तो त्यांच्यासाठीच कल्याणकारी मंडळाकडे जातो. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम, ही नोंदणीची अट. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे जाऊन नव्या संहिता आल्या, त्यातही नव्वद दिवस तेच आहेत. नोंद असली तर मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला मदत मिळते, आणि बरेवाईट झाले तर घरच्यांना. दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यावा, नाहीतर ग्रामसेवकाने, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

बायकांचा प्रश्न याहून अवघड. जोडीचे मीटर एकत्र धरतात आणि पैसे नवऱ्याच्या हातात देतात. अर्धी माती बाईने उचललेली, भरणा तर तिनेच केलेला, पण मुकादमाच्या वहीत तिचे नाव नाही. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला, आज तो वेतन संहितेत आहे. ज्या वहीत बाईचे नावच नाही तिथे समान कशाशी धरायचे? मी एका भावाला म्हटले, पुढच्या वेळी दोन नावे लिहून घे. तो लाजून हसला. त्याची बायको हसली नाही.

निघताना रस्त्याला लागून असलेल्या माडिया वस्तीतले एक आजोबा नालीकडे बघत उभे होते. त्यांच्या नातवाने मराठीत विचारले, "आजोबा विचारतात, ही नाली आमच्या गावाला येते का गावावरून जाते?" काय बोलणार! वनहक्क कायदा, २००६ मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांच्या यादीत दूरसंचाराच्या तारांचेही नाव आहे. गावासाठी अशा सोयीला एक हेक्टरच्या आतली वनजमीन वापरायची तर ग्रामसभेची शिफारस लागते. नातवाला मी हे सांगितले, ग्रामसभेत कागद मागा म्हटले. त्याने आजोबांना माडियात सांगितले. आजोबांनी मान हलवली आणि पुन्हा नालीकडे बघत राहिले.

पोरे पाऊस लागायच्या आत परतली. वहिनींच्या दिराने दहावीच्या राहिलेल्या दोन विषयांचा फॉर्म भरला आहे. जेवताना रंग म्हणतो, असे वहिनी सांगतात. राखाडीपाशी अडतो.

मागच्या रविवारी वंदनेनंतर विहारात दहाही जणांना बसवले आणि बांधकाम मंडळाच्या नोंदणीसाठी प्रत्येकाचे नव्वद दिवस जुळवायला घेतले. सहा पुरुषांपैकी चौघांचे जुळले, एकाचे पाय सुजल्यामुळे चार दिवस कमी पडले, एकाकडे कागदच नाही. चार बायकांचे दिवस कुठल्याच वहीत नव्हते. त्यांच्यासाठी मुकादमाला पत्र लिहिले आहे, सोबत पाइपाच्या आकड्यांचे फोटो जोडले आहेत. उत्तर यायचे आहे.